वर्गांतील परीक्षेचें माप



परीक्षा हा शब्द नुसता उच्चारला कीं ऐकणारांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाला वाटतें, परीक्षा नसती तर मुलें अभ्यासच करतीं ना. दुसऱ्याला वाटतें, परीक्षेनेंच मुलांचा अभ्यास मारला. हा वाद आज मी येथें उकरून काढणार नाहीं. मला ज्या परीक्षेविषयीं बोलावयाचें आहे, ती बोर्डाची नव्हे कीं विद्यापीठाची नव्हे. ती आपल्या शाळेंत, आपल्याच शिक्षकानें, आपल्याच वर्गाची घेतलेली साधी वीस गुणांची घटक-चाचणी होय. तिची वार्ता वर्तमानपत्रांत येत नाहीं, तिच्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाहीं. तथापि मुलाच्या कपाळावर "हुशार" अथवा "ढ" अशी चिठ्ठी प्रथम चिकटते ती याच चाचणीनें. आणि एकदां चिकटलेली ती चिठ्ठी सहसा निघत नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं कोंकणांतल्या एका शाळेंत मी भूगोल शिकवीत होतों. रेखावृत्तें आणि स्थानिक वेळ हा भाग संपला, आणि शिरस्त्याप्रमाणें मीं चाचणी घेतली. तिच्यांत एक प्रश्न असा होता: "रेखांशभेदामुळें उद्भवणाऱ्या कालभेदाचें सोदाहरण विवेचन करा." एका मुलानें त्या प्रश्नाखालीं कांहींच लिहिलें नाहीं. त्याला वीसांपैकीं सहा गुण पडले, आणि भूगोलांत याला गति नाहीं असें मीं मनाशीं ठरवून टाकलें. दोनचार दिवसांनीं हाच मुलगा ओसरीवर मला गांठून म्हणतो, "सर, माझी मावशी नागपूरला असते. तिकडे आपल्या आधीं उजाडतें आणि आधींच अंधार पडतो. मग त्यांचें घड्याळ निराळें कां नसतें?" मी चमकलों. स्थानिक वेळ म्हणजे काय हें त्याला कळलें होतें, एवढेंच नव्हे. सर्व देशाला एक प्रमाणवेळ कां लागते, हा पुढच्या धड्याचा प्रश्न त्यानें आपण होऊन विचारला होता. माझ्या प्रश्नानें त्याचा भूगोल मापलाच नव्हता. "उद्भवणाऱ्या" आणि "विवेचन" ह्या दोन शब्दांशीं त्याची किती ओळख आहे, तेवढें मात्र मापलें होतें.

परीक्षाशास्त्रांत दोन शब्द वारंवार येतात: सप्रमाणता आणि विश्वसनीयता. शब्द जड आहेत, पण कल्पना बाजारांतली आहे. समजा, एका वाण्यानें पायलीचा तळ आंतून उचलून घेतला. त्या पायलीनें सकाळीं मापा, संध्याकाळीं मापा, त्यानें मापा कीं तुम्हीं मापा, धान्य प्रत्येक वेळीं तितकेंच भरेल. अशी पायली विश्वसनीय खरी, कारण तिच्या मापांत फरक पडत नाहीं. परंतु ती पायलीभर धान्य मापीतच नाहीं, म्हणून सप्रमाण नव्हे. आतां दुसरी पायली घ्या, वेताची विणलेली, दाबली कीं आकसते, सोडली कीं फुगते. तिचा तळ खरा असला तरी काय उपयोग? जें माप दर वेळीं निराळें भरतें, तें खरें भरलें तरी योगायोगानेंच. म्हणून सप्रमाण होण्यापूर्वीं परीक्षा विश्वसनीय असावीच लागते. मात्र विश्वसनीय असली म्हणजे ती सप्रमाण झालीच असें नाहीं. माझी ती चाचणी पहिल्या जातीची होती. पुन्हां घेतली असती तरी त्या मुलाला सहाच पडते.

येथें एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. "ही प्रश्नपत्रिका सप्रमाण आहे" असें आपण बोलतों, पण तें बोलणें अपुरें आहे. प्रश्नपत्रिका स्वतः सप्रमाण किंवा अप्रमाण नसते. तिच्या गुणांवरून आपण जो निष्कर्ष काढतों, तो प्रमाणाला धरून आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असतें. पाढ्यांची तोंडी परीक्षा पाढे पाठ आहेत कीं नाहींत एवढें सांगण्यास पुरी पडते. त्याच गुणांवरून "ह्या मुलीला गणित येतें" असें म्हटलें कीं तीच परीक्षा अपुरी ठरते. अर्थात् प्रश्न काढण्यापूर्वीं शिक्षकानें स्वतःला विचारावयाचें तें असें: ह्या चाचणीनंतर मला ह्या मुलांविषयीं काय म्हणतां यावें अशी माझी इच्छा आहे?

हा प्रश्न नुसता मनांत ठेवून भागत नाहीं. तो कागदावर यावा लागतो. शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयांतून त्या कागदाला संविधान तक्ता म्हणतात. पुष्कळ शिक्षकांनीं तो पदवीच्या वर्षांत एकदां सुबक अक्षरांत काढलेला असतो आणि पुढें जन्मांत कधीं काढलेला नसतो. मींहि काढीत नसें. त्या मुलाच्या प्रकरणानंतर मात्र मीं तो काढला, आणि माझ्याच भूगोलाच्या चाचणीचें उदाहरण घेऊन तो कसा काढावयाचा तें सांगतों. घरीं कागद-पेन्सिल हाताशीं असेल त्यांनीं चार उभे रकाने आणि तीन आडव्या ओळी आंखून घ्याव्या.

आडव्या ओळींत शिकविलेला मजकूर लिहावयाचा. माझे तीन भाग होते: अक्षवृत्तें-रेखावृत्तें व त्यांवरून स्थान ठरविणें, पृथ्वीचें परिवलन व स्थानिक वेळ, आणि प्रमाणवेळ व आंतरराष्ट्रीय वाररेषा. पहिल्या दोन भागांना प्रत्येकीं चार तासिका लागल्या होत्या, तिसऱ्याला दोन. तेव्हां वीस गुण त्याच प्रमाणांत वांटले: आठ, आठ आणि चार. उभ्या रकान्यांत उद्दिष्टें येतात: ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य. नुसतें आठवून सांगतां येतें तें ज्ञान. स्वतःच्या शब्दांत समजावून देतां येतें, दोन गोष्टींतला भेद दाखवितां येतो, तें आकलन. पूर्वीं न पाहिलेल्या उदाहरणाला नियम लावतां येतो तें उपयोजन. आणि नकाशावर बोट ठेवतां येतें, आकृति काढतां येते, तें कौशल्य. मीं ज्ञानाला पांच, आकलनाला सहा, उपयोजनाला सहा आणि कौशल्याला तीन गुण दिले.

मग एकेक घर भरावयाचें. पहिल्या भागांत ज्ञानाचे दोन, आकलनाचे दोन, उपयोजनाचा एक व नकाशाचे तीन, मिळून आठ. दुसऱ्यांत ज्ञानाचे दोन, आकलनाचे दोन व उपयोजनाचे चार, मिळून आठ. तिसऱ्यांत ज्ञानाचा एक, आकलनाचे दोन व उपयोजनाचा एक, मिळून चार. आडवी बेरीज वीस, उभी बेरीज वीस. हिशेब जुळला म्हणजे काम झालें असें मात्र समजूं नये. ह्या तक्त्याचा खरा उपयोग मला कळला तो माझी जुनी प्रश्नपत्रिका त्यांत बसवून पाहिली तेव्हां. वीसांपैकीं चौदा गुण "ज्ञान" ह्या एका रकान्यांत जाऊन पडले; नकाशाच्या रकान्यांत शून्य. आणि मीं शिकवितांना काय केलें होतें? निम्म्या तासिका पृथ्वीगोल हातांत घेऊन, टॉर्चचा उजेड त्याच्यावर पाडून, मुलांकडून गांवें शोधवून घेण्यांत घालविल्या होत्या! जें शिकविलें तें विचारलें नाहीं, आणि जें विचारलें तें मुलांनीं गाइडांतून पाठ केलें. मुलें याबाबतींत फार चाणाक्ष असतात. शिक्षक वर्गांत काय बोलतो याकडे नव्हे, तर परीक्षेंत काय विचारतो याकडे त्यांचें लक्ष असतें. दोन चाचण्या झाल्या कीं पृथ्वीगोलाकडे पाहण्याचें तीं सोडून देतात, आणि "सर, महत्त्वाचे प्रश्न सांगा" म्हणूं लागतात. त्याबद्दल त्यांना बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

उद्दिष्टांची ही विभागणी आपल्याकडे कशी आली तेंहि थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांचा उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ १९५६ सालीं निघाला. ब्लूम १९५७ सालीं भारतांत आले, आणि येथील परीक्षासुधारणेच्या चळवळीनें तें वर्गीकरण आपल्या शाळांना सोसेल असें सुटसुटीत करून घेतलें. मूळचे सहा टप्पे होते; वर्गांतल्या शिक्षकाला चारहि पुष्कळ होतात.

आतां प्रश्नांकडे वळूं. माझ्या नव्या चाचणींत एकेका गुणाचे आठ वस्तुनिष्ठ प्रश्न, दोन दोन गुणांचे तीन लघुत्तरी प्रश्न, तीन गुणांचें एक उदाहरण आणि तीन गुणांचा नकाशा, असे तेरा प्रश्न बसले. वेळेचा अंदाज असा केला: वस्तुनिष्ठाला एकेक मिनिट, लघुत्तरीला चार, उदाहरणाला पांच, नकाशाला पांच, म्हणजे तीस मिनिटें, वाचण्यास व तपासून पाहण्यास पांच. पस्तीस मिनिटांत पेपर पुरा होतो. हा अंदाज स्वतः प्रश्न सोडवून करूं नये. आपल्याला उत्तरें आधींच ठाऊक असतात. वेळ अपुरा पडला तर परीक्षा भूगोलाची न राहतां लेखणीच्या वेगाची होते.

वस्तुनिष्ठ प्रश्न म्हणजे पोरखेळ, टिकमार्क करावयाचा आणि सुटावयाचें, अशी एक समजूत आहे. वाईट वस्तुनिष्ठ प्रश्न तसा असतोच. परंतु चांगला काढण्यास निबंधाच्या प्रश्नापेक्षां दसपट विचार लागतो. माझा एक प्रश्न सांगतों. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे असें धरा आणि मुंबई ७३ अंशांवर. नागपुरास स्थानिक वेळेप्रमाणें दुपारचे बारा वाजले, त्या क्षणीं मुंबईची स्थानिक वेळ काय असेल? पर्याय चार: ११ वाजून ३६ मिनिटें, १२ वाजून २४ मिनिटें, ११ वाजून ५४ मिनिटें, आणि १२ वाजून ६ मिनिटें. सहा अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला चार मिनिटें, म्हणजे चोवीस मिनिटें. मुंबई पश्चिमेला, म्हणून मागें: ११.३६ हें उत्तर बरोबर. पण चुकीचे पर्याय पाहा. १२.२४ निवडणाऱ्याला चार मिनिटांचा हिशेब येतो, दिशा मात्र उलटी झाली. ११.५४ निवडणाऱ्याची दिशा बरोबर आहे, पण अंशाला एकच मिनिट धरलें. १२.०६ वाल्याचें दोन्ही चुकलें. म्हणजे चूक उत्तरसुद्धां शिक्षकाशीं बोलतें. कोणाला काय पुन्हां शिकवावयाचें तें सांगतें. पर्यायांच्या जागीं "लंडन", "चंद्र" असलीं भरताडें टाकलीं तर हें बोलणें बंद पडतें.

आंकडे ७३ आणि ७९ असे सरळ कां घेतले, तेंहि सांगितलें पाहिजे. मुंबईचा खरा रेखांश सुमारें ७२ अंश ५० कला आहे. तो जसाच्या तसा दिला असता तर मुलगा कलांच्या गुणाकारांत अडकला असता, आणि त्याचा भूगोल चुकला कीं अंकगणित, हें मला कळलें नसतें. वर्गांत गोष्ट सांगतांना मात्र मी खरे आंकडे घेतों, कारण ती गोष्टच मोठी गोड आहे: १९०६ सालीं साडेब्याऐंशी अंशांवरची प्रमाणवेळ देशाला लागू झाल्यावरहि मुंबईनें आपली "मुंबई वेळ" कित्येक वर्षें सोडली नाहीं, आणि एकाच शहरांत एकूणचाळीस मिनिटांच्या अंतरानें दोन घड्याळें चालत राहिलीं. गोष्टीला अपूर्णांक शोभतात, चाचणीला नाहीं.

आणि भाषा! "रेखांशभेदामुळें उद्भवणाऱ्या कालभेदाचें" ह्या प्रश्नाच्या जागीं मीं असें विचारलें: "नागपूरला मुंबईच्या आधीं सूर्य उगवतो. याचें कारण दोन-तीन वाक्यांत लिहा." पांडित्य कमी झालें खरें, पण कठिणपणा तिळमात्र कमी झाला नाहीं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हें ज्याला समजलें नाहीं, त्याला हाहि प्रश्न सुटत नाहीं. ज्या मुलांच्या घरीं मालवणी, अहिराणी, वारली किंवा कोरकू बोलतात, त्यांना पुस्तकी मराठी ही एक निराळी भाषाच आहे. भाषेची परीक्षा भाषेच्या तासाला घ्यावी; भूगोलाच्या तासाला ती चोरून घेऊं नये.

इतका वेळ सप्रमाणतेविषयीं बोललों. आतां विश्वसनीयतेकडे येतों, आणि येथें शिक्षकवर्गाला, अर्थात् मलाहि, थोडें टोंचणारें बोलावें लागेल. माप आकसतें आणि फुगतें याचें सर्वांत मोठें कारण प्रश्नपत्रिका नसून तपासणारा असतो.

१९१२ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॅनिएल स्टार्च व एडवर्ड इलियट या दोघांनीं इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे तपासावयास धाडल्या. १४२ शिक्षकांचे गुण परत आले. शंभरांपैकीं त्या एकाच उत्तरपत्रिकेला कोणीं ६४ गुण दिले होते, कोणीं ९८. लोक म्हणाले, भाषेचा विषय म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीचा. गणितांत असें व्हावयाचें नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यांनीं भूमितीची उत्तरपत्रिका धाडली. तिचे गुण तिशीच्या आंतून नव्वदीच्या वर पसरले! कोणीं रीतीचे गुण दिले, कोणीं उत्तराचे; कोणीं आकृति वेडीवांकडी म्हणून कापले, कोणीं तिच्याकडे पाहिलेंहि नाहीं.

हे निरनिराळे तपासणारे झाले. पण एकच तपासणारा तरी स्वतःशीं सहमत असतो काय? इंग्लंडांत सर फिलिप हार्टॉग व ई. सी. र्‍होड्स यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या दृष्टीनें फार बोलका आहे. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका, मूळ परीक्षेंत सर्वांना सारखेच मध्यम गुण मिळालेल्या, अनुभवी परीक्षकांकडे देण्यांत आल्या. वर्ष-दीड वर्षानें त्यांतल्या चौदा परीक्षकांनीं त्याच पंधरा उत्तरपत्रिका पुन्हां तपासल्या. म्हणजे एकंदर २१० निर्णय झाले. नापास, पास किंवा विशेष प्राविण्य, यांपैकीं जो निर्णय पहिल्यानें दिला होता तोच दुसऱ्यानें कायम राहिला काय? ९२ वेळां राहिला नाहीं. तोच परीक्षक, तीच उत्तरपत्रिका.

हें वाचल्यावर मीं घरींच एक खटाटोप केला. निबंधवजा उत्तरांच्या एका गठ्ठ्यावरचे माझे गुण कागद चिकटवून झांकले आणि महिन्याभरानें तो गठ्ठा पुन्हां तपासला. एका उत्तराला पहिल्यानें दहांपैकीं आठ दिले होते, दुसऱ्यानें पांच. कारण शोधूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं पहिल्या वेळीं तें उत्तर दोन अगदीं टाकाऊ उत्तरांच्या मागून आलें होतें. त्यांच्या शेजारीं तें उजळून दिसलें. अक्षर सुंदर होतें हेंहि एक कारण असावें. माझी बायको म्हणाली, "पहिला गठ्ठा जेवणानंतर तपासला होता, दुसरा जेवणापूर्वीं." यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

ह्यावर उपाय नाहीं असें नाहीं, आणि त्याला पैसाहि लागत नाहीं. प्रश्न काढतांनाच उत्तरसूची व गुणदान योजना लिहून ठेवावी. "नागपूरला आधीं सूर्य उगवतो याचें कारण" ह्या प्रश्नाला मीं दोन गुण असे ठरविले: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते याला एक, आणि नागपूर मुंबईच्या पूर्वेस आहे याला एक. ही योजना लिहितांना पुष्कळ वेळां असें आढळतें कीं आपल्यालाच प्रश्नाचें नेमकें उत्तर काय हवें तें ठाऊक नसतें. मग प्रश्न बदलावा. दुसरें, उत्तरपत्रिका एकामागून एक पुऱ्या तपासूं नयेत. सगळ्या वर्गाचा पहिला प्रश्न तपासावा, मग गठ्ठा उलटासुलटा करून दुसरा. पहिल्या पानावरच्या नांवावर कागद दुमडावा. आपण म्हणतों, माझ्या मनांत दुजाभाव नाहीं. नसेलहि, पण हुशार म्हणून ठरलेल्या मुलीचें अर्धवट वाक्य आपण मनांत पुरें करून वाचतों, आणि "ढ" ठरलेल्याचें पुरें वाक्यसुद्धां अर्धवट वाचतों, हें मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

विश्वसनीयतेचें दुसरें कारण प्रश्नांच्या संख्येंत आहे. दोनच मोठे प्रश्न विचारले आणि मुलानें नेमका तोच भाग वाचला नसेल तर तो बुडाला. वाचला असेल तर तरला. ही परीक्षा नव्हे, सोडत झाली. प्रश्न जितके अधिक तितका नशिबाचा भाग कमी. चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन या दोघांनीं १९१० सालीं स्वतंत्रपणें एक सूत्र मांडलें. त्याप्रमाणें ज्या चाचणीचा विश्वसनीयता-गुणांक ०.६० आहे, तिच्यांत तशाच प्रकारचे तितकेच प्रश्न आणखी घातले तर तो ०.७५ होतो, आणि तिप्पट केली तर सुमारें ०.८२. म्हणजे वाढ होते, पण दर वेळीं थोडी थोडी कमी. यांतून वर्गशिक्षकानें घ्यावयाचें एवढेंच कीं सत्राच्या शेवटीं एकच भली मोठी परीक्षा घेण्यापेक्षां चार लहान चाचण्यांची बेरीज अधिक भरंवशाची. त्यांत आणखी एक फायदा आहे. ज्या दिवशीं मुलाला ताप होता, किंवा घरीं रात्रभर भजन होतें, किंवा आईबाप ऊसतोडीला निघून गेले होते, त्या एका दिवसावर सगळें अवलंबून राहत नाहीं.

"पुढीलपैकीं कोणतेहि तीन प्रश्न सोडवा" ही सवलत मुलांना प्रिय असते, आणि ती त्यांच्या हिताची आहे असें पालकांनाहि वाटतें. माझें मत उलट आहे. निरनिराळ्या मुलांनीं निरनिराळे प्रश्न सोडविले म्हणजे त्यांनीं निरनिराळ्या परीक्षा दिल्या. त्यांचे गुण एका यादींत लावणें म्हणजे कोणाचें धान्य शेरानें आणि कोणाचें पायलीनें मापून आंकडे शेजारीं शेजारीं मांडणें होय. शिवाय आपण इतक्या काळजीनें केलेला तक्ता मुलें सवलतीनें मोडून टाकतात. नकाशा सोडला तरी चालतो म्हटलें कीं तो सोडलाच जातो.

एवढें सगळें करूनहि माप हें मापच राहतें. त्याला थोडीफार चूक असावयाचीच. लांकडाच्या वखारींतल्या कांट्यावर कोणी सोनें तोलीत नाहीं. वीस गुणांच्या चाचणींत अकरा पडलेली मुलगी दहा पडलेल्या मुलापेक्षां हुशार आहे असें म्हणणें त्याच मासल्याचें. पस्तीसला पास आणि चौंतीसला नापास ही रेघ व्यवहारासाठीं कोठें तरी मारावी लागते हें मला समजतें. परंतु त्या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची मुलें निराळ्या जातीचीं नसतात हें ती रेघ मारणाऱ्यानें विसरूं नये. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत मुलाला मागें ठेवण्यास बंदी केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या बाबतींत ती ऐच्छिक झाली, आणि महाराष्ट्रानें २०२३ सालीं ह्या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा पुन्हां सुरू करण्याचें ठरविलें. नापास झालेल्या मुलाला पुन्हां एक संधि मिळते, तींतहि तो उतरला नाहीं तर त्याच वर्गांत बसतो. हा निर्णय चांगला कीं वाईट, हें सांगण्याची ही जागा नव्हे. पण ज्या मापावर एका मुलाचें एक वर्ष जाणार, तें माप तपासून घेण्याचें काम त्यामुळें पूर्वींपेक्षां निकडीचें झालें आहे, हें उघड आहे.

शेवटीं, चाचणी झाल्यावर करावयाचें एक काम राहतें, आणि तेंच आपण करीत नाहीं. गुण यादींत चढविले कीं गठ्ठा कपाटांत जातो. त्याऐवजीं एक तास काढून प्रश्नांचीच परीक्षा घ्यावी. माझ्या वर्गांत पंचेचाळीस मुलें होतीं. एकूण गुणांप्रमाणें वरचीं पंधरा आणि खालचीं पंधरा मुलें निराळीं काढलीं, आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना सुटला तें वहींत मांडलें. सगळ्यांना सुटला तो प्रश्न सोपा; तो अधूनमधून असावा, मुलाला धीर येतो. कोणालाच सुटला नाहीं तर बहुधा शिकविण्यांत चूक. वरच्या गटाला सुटला आणि खालच्याला नाहीं, तो प्रश्न आपलें काम नीट करीत आहे. पण एक प्रश्न असा निघाला कीं तो खालच्या गटांत पुष्कळांना सुटला होता आणि वरच्या गटांत थोड्यांना. "आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली कीं दिवस ......." अशी रिकामी जागा होती, आणि माझ्या सूचींत उत्तर होतें: "तोच पुन्हां येतो." खालच्या गटांतल्या मुलांनीं पुस्तकांतलें तेवढें वाक्य पाठ केलें होतें. वरच्या गटांतल्या कांहीं मुलींनीं समासांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें, "कोणत्या बाजूनें ओलांडली?" आणि जागा रिकामी सोडली होती. त्यांचें खरें होतें. पूर्वेकडे जातांना तोच वार पुन्हां धरावा लागतो. पश्चिमेकडे जातांना एक वार पुढें जातो.

तो प्रश्न मीं रद्द केला, सर्वांचे गुण एकोणीसांपैकीं पुन्हां मोजले, आणि वर्गांत उत्तरपत्रिका परत देतांना चूक माझी होती असें सांगितलें. मावशीच्या गांवाची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलाला ह्या वेळीं तेरा मिळाले. नकाशांत त्यानें नागपूर थोडें दक्षिणेला ओढलें होतें. पुढच्या वर्षीं वाररेषेचा प्रश्न मीं पुन्हां घातला, "पश्चिमेकडून पूर्वेकडे जातांना" एवढे तीन शब्द वाढवून.